ड्युअल लँग्वेज शाळेचे आकडे कसे वाचावेत: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

कॅलिफोर्नियात भाड्याचं घर शोधायला बसलं की प्रत्येक घराखाली जवळच्या शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते दिसतं. नवीन आलेली बहुतेक कुटुंबं तो एक आकडा बघून घर ठरवतात. घाई असते, ओळखीचं कोणी नसतं, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण ज्या शाळेत मुलं अर्धा दिवस इंग्रजीत आणि अर्धा दिवस स्पॅनिश किंवा मँडरिनमध्ये शिकतात, त्या ड्युअल लँग्वेज शाळेत हा एक आकडा हमखास दिशाभूल करतो. चांगली शाळा केवळ त्यापायी हातची गेलेली मी आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत पाहिली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: शाळेचा एकूण निकाल हा बराचसा तिथे कोणती मुलं येतात याचा निकाल असतो. शाळा काय शिकवते हे कळायला मुलांचे गट वेगळे करून बघावे लागतात. ते कसं करायचं, कुठे बघायचं आणि शाळेत जाऊन काय विचारायचं, ते आता क्रमाने सांगते. सगळी माहिती सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहे. एका संध्याकाळी दोन-तीन शाळा सहज बघून होतात.

पायरी १: शाळा कोणत्या पद्धतीची आहे ते आधी विचारा

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २२७ मंजूर केलं आणि सरकारी शाळांतल्या द्विभाषिक शिक्षणावर मोठे निर्बंध आले. २०१६ मध्ये प्रपोझिशन ५८ ने ते उठवले. त्यामुळे गेल्या काही वर्षांत असे वर्ग बरेच वाढले आहेत आणि काही शाळांत ते अजून वरच्या इयत्तांपर्यंत पोचलेलेही नाहीत. शाळा जुनी असली तरी तिथला हा उपक्रम नवा असू शकतो, म्हणून तो कधी सुरू झाला हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या.

मुख्य पद्धती दोन. ९०-१० पद्धतीत किंडरगार्टनमध्ये नव्वद टक्के वेळ स्पॅनिश (किंवा जी भाषा असेल ती) आणि दहा टक्के इंग्रजी. पुढे इंग्रजी वाढत जाते आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही निम्म्या-निम्म्या होतात. ५०-५० पद्धतीत पहिल्या दिवसापासून वाटणी समान. हा फरक निकाल वाचताना फार कामाला येतो. ९०-१० शाळेतली मुलं इंग्रजी वाचन शाळेत औपचारिकपणे उशिरा शिकतात आणि सरकारी परीक्षा मात्र तिसरीतच सुरू होते.

दुसरा प्रश्न: टू-वे आहे की वन-वे? टू-वे म्हणजे वर्गात निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी आणि निम्मी इंग्रजी बोलणारी. एका गटाचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नये असं धोरण ठेवतात. वन-वेमध्ये बहुतेक सगळी मुलं एकाच भाषेच्या घरांतली असतात.

आणि तिसरा, जो कोणी विचारत नाही: अख्खी शाळाच ड्युअल लँग्वेज आहे, की प्रत्येक इयत्तेत एक तुकडी? एकच तुकडी असेल तर शाळेच्या नावाने छापलेला निकाल त्या तुकडीचा नसतोच, सगळ्या मुलांचा मिळून असतो. अशा वेळी तुकडीचे आकडे मुख्याध्यापकांकडे वेगळे मागावे लागतात. ते बहुधा मिळतात.

पायरी २: पटसंख्या बघा, निकाल नंतर

राज्याच्या शिक्षण खात्याच्या डेटाक्वेस्ट या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची पटसंख्या इयत्तेनुसार, वंशानुसार आणि गटानुसार मिळते. शाळेचं नाव टाका, वर्ष निवडा. मी तिथे तीन गोष्टी बघते.

पहिली, भाषेचे गट. कॅलिफोर्नियात प्रत्येक मुलाला चारपैकी एक शिक्का असतो. ईओ म्हणजे घरी फक्त इंग्रजी. आयएफईपी म्हणजे घरी दुसरी भाषा, पण शाळेत आलं तेव्हाच इंग्रजी चांगलं. ईएल म्हणजे इंग्रजी अजून शिकत असलेलं. आरएफईपी म्हणजे आधी ईएल होतं, आता त्यातून बाहेर पडलं. आपली मराठी मुलं बहुधा आयएफईपी किंवा ईएल यांत येतात. टू-वे शाळेत ईएल मुलांचा मोठा वाटा असणं ही त्या पद्धतीची गरजच आहे. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलणारी मुलं नसतील तर तुमचं मूल स्पॅनिश फक्त बाईंकडून ऐकेल आणि ते पुरेसं होत नाही. नवे पालक ईएलचा मोठा आकडा बघून दचकतात. तो आकडा दरवर्षी घसरत चालला असेल, तर मला उलट तीच काळजीची गोष्ट वाटते. शाळेचं नाव झालं की आसपासची भाडी चढतात, स्पॅनिश बोलणारी कुटुंबं दूर जातात आणि ज्यांच्या भाषेवर वर्ग उभा आहे तीच मुलं कमी होतात.

दुसरी, आर्थिक परिस्थिती. ‘सोशिओइकॉनॉमिकली डिसअॅडव्हान्टेज्ड’ हा गट मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या, किंवा ज्यांच्या पालकांचं हायस्कूल पूर्ण झालेलं नाही अशा मुलांचा. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना जेवण मोफत आहे. जेवण मिळतंच म्हटल्यावर बरेच पालक उत्पन्नाचा फॉर्म भरत नाहीत, मग हा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. शाळेकडून असा फॉर्म आला तर भरून द्या, तुमचं उत्पन्न कितीही असो. २०१३ पासून राज्याचा निधी ज्या सूत्राने वाटला जातो, त्यात ईएल, कमी उत्पन्नाच्या घरांतली आणि फॉस्टर केअरमधली मुलं यांच्यासाठी डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) माणशी वीस टक्के जादा मिळतात, आणि अशा मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेलं तर त्याहून जादा.

तिसरी, इयत्तांची उतरंड. किंडरगार्टनमध्ये ७२ आणि पाचवीत ४५ मुलं, असं दिसलं तर थांबून विचार करा. ड्युअल लँग्वेज शाळेत साधारण पहिलीनंतर नव्या मुलाला भाषेची चाचणी दिल्याशिवाय सहसा घेत नाहीत, त्यामुळे सोडून गेलेल्यांच्या जागा रिकाम्या राहतात. म्हणजे पाचवीचा उत्तम निकाल हा टिकून राहिलेल्या मुलांचा निकाल असतो. ज्यांना झेपलं नाही ती त्यात नाहीत. कोण गेलं आणि का गेलं, हे मुख्याध्यापकांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पायरी ३: परीक्षेचा निकाल गटागटाने वाचा

तिसरी ते आठवी आणि अकरावीला इंग्रजी आणि गणिताची राज्य परीक्षा होते, तिला कास्प म्हणतात. विज्ञानाची पाचवीत, आठवीत आणि हायस्कूलमध्ये एकदा. निकाल चार पातळ्यांत येतो आणि वरच्या दोन पातळ्यांत किती टक्के मुलं, हाच आकडा सगळीकडे फिरतो.

तो आकडा कसा फसवतो, त्याचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन शाळा, दोन्हीकडे शंभर मुलांनी परीक्षा दिली. ‘क’ शाळेत ८० मुलं इंग्रजी येणारी, त्यांतली ७० टक्के म्हणजे ५६ वरच्या पातळीत. उरलेल्या २० ईएल मुलांपैकी १० टक्के, म्हणजे २. एकूण ५८ टक्के. ‘ख’ या ड्युअल लँग्वेज शाळेत इंग्रजी येणारी ५०, त्यांतली ७४ टक्के म्हणजे ३७ वरच्या पातळीत. ईएल ५०, त्यांतली २० टक्के म्हणजे १०. एकूण ४७ टक्के. घर शोधताना ‘ख’ शाळा अकरा टक्क्यांनी मागे दिसते. प्रत्यक्षात इंग्रजी येणाऱ्या मुलांना तिथे जास्त चांगलं येतं आणि ईएल मुलांनाही. तुमचं मूल यांपैकी कोणत्याही गटातलं असो, त्याला ‘ख’ शाळा बरी.

म्हणून कास्पच्या संकेतस्थळावर शाळेचा निकाल उघडला की लगेच गट बदला. आपल्या लोकांसाठी सगळ्यात उपयोगी गट म्हणजे पालकांचं शिक्षण. तिथे पदवीधर आणि पदव्युत्तर पालकांच्या मुलांचा निकाल वेगळा मिळतो. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक मराठी घरांतली मुलं याच गटात मोडतात. दोन शाळांची तुलना करायची तर या गटाची या गटाशी करा. एकूण आकड्यांत प्रचंड वाटणारं अंतर इथे बरेचदा अगदी थोडं उरतं.

‘एशियन’ हा गट मात्र जपून वापरा. त्यात चिनी, व्हिएतनामी, कोरियन, भारतीय सगळे एकत्र असतात, त्यांतून मराठी मुलाबद्दल काही कळत नाही. गट फार लहान असेल, म्हणजे दहा किंवा त्याहून कमी मुलांचा, तर आकड्याऐवजी तारा छापलेला दिसेल. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून तो नियम आहे, शाळा काही लपवत नाही. पंधरा-वीस मुलांच्या गटात दोन मुलांनी इकडचं तिकडे केलं तरी टक्केवारी दहाने हलते, म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. २०२० मध्ये परीक्षा झालीच नाही, आणि २०२१ मध्ये अनेक शाळांनी ती घेतली नाही, तेव्हा ती वर्षं सोडून द्या.

पायरी ४: तिसरीवर थांबू नका, तीच मुलं पाचवीत कुठे पोचली ते बघा

ड्युअल लँग्वेज शाळेत तिसरीचा इंग्रजीचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा कमी असणं अपेक्षित आहे, विशेषतः ९०-१० मध्ये. तिथे गणितही बरंचसं स्पॅनिशमध्ये शिकवतात. (गणिताच्या परीक्षेत इंग्रजी प्रश्नासोबत स्पॅनिश भाषांतर दाखवायची सोय आहे. ती शाळा वापरते का, हेही विचारता येतं.) म्हणून एका वर्षीची तिसरी, पुढच्या वर्षीची चौथी, त्याच्या पुढच्या वर्षीची पाचवी, असा तिरका प्रवास कागदावर मांडा. रेषा चढती असेल तर शाळा तिचं काम करते आहे. पाचवीतही तिसरीइतकंच अंतर राहिलं असेल तर मात्र ते गंभीर आहे आणि त्याला ‘दोन भाषा शिकतात ना’ हे उत्तर पुरेसं नाही.

या प्रवासाला चांगला आधार आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात अशा वर्गांचे प्रवेश लॉटरीने होत, त्यामुळे लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं तुलनेला मिळाली. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात लॉटरी लागलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणितात फरक दिसला नाही. म्हणजे इंग्रजी मागे पडेल ही जी भीती आपल्याकडे सगळ्यात जास्त बोलली जाते, तिच्या बरोबर उलट.

राज्याच्या स्कूल डॅशबोर्डवर लाल ते निळा अशा पाच रंगांत शाळेची स्थिती दिसते. रंग दोन गोष्टींवरून ठरतो: यंदा कुठे आहे आणि गेल्या वर्षीपेक्षा किती हलली. आत गेलात तर ‘मानकापासूनचं अंतर’ गुणांत दिलेलं असतं. उदाहरणार्थ तिसरीच्या इंग्रजीचं मानक २४३२ गुणांचं आहे, आणि शाळेतली मुलं आपापल्या इयत्तेच्या मानकाच्या सरासरी किती वर किंवा खाली आहेत ते तिथे कळतं. मला टक्केवारीपेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण रेषेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांत त्यात फार मोठा फरक पडत नाही.

या सगळ्यात एक मोठी गोष्ट कुठेच दिसत नाही: मुलांना स्पॅनिश किती आलं. अर्धा दिवस ज्यावर खर्च होतो त्याला डॅशबोर्डवर रंगच नाही. राज्याची स्पॅनिशची परीक्षा आहे, सीएसए नावाची, तिसरीपासून देता येते, पण ती ऐच्छिक आहे. शाळा ती घेते का? घेत असेल तर निकाल दाखवा म्हणा. मँडरिनच्या शाळेत अशी राज्य परीक्षा नाही, तिथे डिस्ट्रिक्ट कोणती चाचणी वापरतं ते विचारा. ज्या शाळेला दुसऱ्या भाषेतली प्रगती आकड्यांत सांगता येत नाही, तिच्याविषयी माझं मत लगेच खाली येतं.

पायरी ५: ईएल मुलांचा निकाल नीट समजून घ्या

कास्पच्या संकेतस्थळावर ईएल गटाचा निकाल जवळपास सगळ्याच शाळांत वाईट दिसतो. कारण साधं आहे: ज्याला इंग्रजी जमलं ते मूल गटातून बाहेर पडून आरएफईपीमध्ये जातं, मागे उरतात ती न जमलेली आणि नुकतीच आलेली. म्हणून ईएल आणि आरएफईपी दोन्ही गट एकत्र बघितले तरच शाळेचं काम दिसतं. डॅशबोर्डवर ईएल गटात बाहेर पडलेली मुलंही चार वर्षांपर्यंत धरतात, त्यामुळे दोन संकेतस्थळांवरचे आकडे जुळत नाहीत. गोंधळून जाऊ नका.

बाहेर पडायला किती वेळ लागतो, हा पुढचा प्रश्न. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टमधल्या लॅटिनो मुलांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन भाषांत शिकणारी ईएल मुलं प्राथमिक शाळेत हळू बाहेर पडली, पण हायस्कूल संपेपर्यंत त्यांतली जास्त मुलं बाहेर पडलेली होती. चौथीतल्या ईएल मुलांची संख्या बघून शाळेला नावं ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या.

पायरी ६: घरच्या भाषेचा फॉर्म खरा भरा

नाव नोंदवताना होम लँग्वेज सर्व्हे येतो, चार प्रश्नांचा. मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, आणि घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात. पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर मराठी असेल तर तीस दिवसांच्या आत मुलाची एल्पॅक ही इंग्रजीची चाचणी होते.

‘सगळीकडे इंग्लिश लिहून टाका, नाहीतर शिक्का बसतो’ असा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो ऐकू नका. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलाला घरी आजी ‘चल रे, हातपाय धू’ म्हणते, त्याला अनोळखी बाईंच्या इंग्रजी सूचना कळायला वेळ लागू शकतो, आणि तसं असेल तर ईएल म्हणून मिळणारी मदत त्याचा हक्क आहे. इंग्रजी चांगलं येत असेल तर ते आयएफईपी होईल आणि विषय तिथेच संपेल. टू-वे शाळेत जागा भाषेनुसार वाटलेल्या असतात. मराठी घरचं मूल तिथे कोणत्या रांगेत धरतात, आणि इंग्रजीही कच्चं असेल तर काय करतात, हे डिस्ट्रिक्टगणिक बदलतं. प्रवेश कार्यालयात स्पष्ट विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

मूल अमेरिकेत नुकतंच आलेलं असेल आणि ईएल ठरलं, तर पहिल्या बारा महिन्यांत इंग्रजीच्या राज्य परीक्षेतून सूट मिळते. गणित मात्र द्यावं लागतं.

पायरी ७: हजेरीचा आकडा, आणि भारतवारी

डॅशबोर्डवर क्रॉनिक अॅबसेंटिझम नावाची एक चकती असते. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, ते मूल यात मोजतात. १८० दिवसांचं वर्ष धरलं तर अठरा दिवस. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून भारतात चार आठवडे जादा राहिलं की मूल यात आलंच. आजारपणाची रजाही यातच धरतात. ड्युअल लँग्वेज वर्गात याचा फटका दुप्पट, कारण चुकलेली स्पॅनिश घरी भरून काढायला कोणी नसतं. जाणं टाळता येत नसेल तर तिकीट काढतानाच शाळेत इंडिपेंडंट स्टडीची, म्हणजे शाळेने आखून दिलेला अभ्यास बाहेर राहून करायच्या सोयीची, चौकशी करा. नियम पाळून दिलेला अभ्यास पूर्ण केला तर ते दिवस हजेरीत धरता येतात, पण अर्ज जाण्याआधीच देऊन ठेवा.

पायरी ८: शाळा बघायला जा

आकड्यांवरून मनात आलेले प्रश्न कागदावर लिहून न्या. दुसरीच्या आणि पाचवीच्या वर्गात थोडा वेळ बसायची परवानगी मागा. दुसरीत बघा, स्पॅनिशच्या तासाला बाई इंग्रजीवर घसरतात का. पाचवीत गटात काम करणाऱ्या मुलांकडे कान द्या. बाई लांब गेल्यावरही मुलं आपसात त्या तासाची भाषा बोलत राहिली, तर तो वर्ग खरा चालतो आहे. बोलणारी कोण आहेत तेही बघा. घरी स्पॅनिश असलेली मुलं गप्प आणि इंग्रजी घरांतली पुढे पुढे, असं दिसलं तर मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारा. शिक्षक किती टिकतात आणि त्यांच्याकडे द्विभाषिक शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का, हेही. शाळेचा वार्षिक अहवाल, ज्याला सार्क म्हणतात, दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर होतो. शिक्षकांच्या पात्रतेची माहिती त्यात असते.

वर्गशिक्षिकांना सांगा की घरी मराठी आहे आणि राहणार आहे. तिसऱ्या भाषेने मुलाचं नुकसान होत नाही. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून उच्चारायचे असतात आणि स्वरही आपल्या ओळखीचे, त्यामुळे आपल्या मुलांची जीभ तिथे पटकन वळते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा बऱ्याच गावांत शनिवार-रविवारी भरतात. देवनागरीची ओळख तिथे करून देता येते.

प्रवेशाच्या माहितीसभा बहुतेक ठिकाणी शाळा सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यात होतात आणि काही डिस्ट्रिक्टमध्ये सभेला हजर राहिल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. किंडरगार्टनला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. लॉटरी लागली नाही तर वेटलिस्टवर नाव राहू द्या, आणि घराजवळच्या शाळेतलं नावही पक्कं करून ठेवा. ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, कुटुंबं गाव बदलतात आणि जागा सुटतात. तेव्हा शाळेतून फोन आला तर उत्तर द्यायला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात.